किती दिवसांसाठी?

छत्तीसगढमधल्या भिलाईत ‘क्वार्टर’ या शब्दाला वजन आहे. पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधलं, नोकरीसोबत मिळालेलं घर. त्यात मुलं वाढतात, अंगणात कुणीतरी आंबा लावतो, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने पोरांची उंची नोंदवली जाते. नोकरी संपली की किल्ली परत. मग माणसं टाउनशिपबाहेर स्वतःचं घर करतात. वैशाली नगरमधल्या अनेक घरांच्या मागे असं एक सोडलेलं क्वार्टर आहे. घर आपलं वाटतं, पण कागदावर आपलं नाही, ही भावना या शहराला वेगळी समजावून द्यावी लागत नाही. फरक एवढाच की क्वार्टरवाल्याला तारीख ठाऊक असते. निवृत्तीचा दिवस नोकरीच्या पहिल्याच दिवशी मोजता येतो.

इथे ज्या मुलांबद्दल बोलायचं आहे, त्यांना ती तारीख कुणी सांगत नाही. ती परक्या घरात राहतात, तिथलं जेवतात, तिथून शाळेत जातात, पण दत्तक गेलेली नसतात. त्यांची आई कुठेतरी असते. इस्पितळात असेल, तुरुंगात असेल, दुसऱ्या संसारात असेल. बाप असतो किंवा नसतो. सरकारी मराठीत या व्यवस्थेला ‘प्रतिपालकत्व’ म्हणतात, इकडच्या सरकारी हिंदीत ‘पालन-पोषण देखरेख’. दोन्ही शब्द कुणाच्या तोंडी बसलेले नाहीत. ‘पोषण’ म्हटलं की इथल्या बाईला आधी अंगणवाडी आठवते. त्यामुळे कार्यालयातले लोकही ‘फॉस्टर केअर’च म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

कायदा तसा स्पष्ट आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं ४४वं कलम सांगतं, की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला बाल कल्याण समिती आपल्या आदेशाने निवडलेल्या, पारखलेल्या कुटुंबात थोड्या किंवा दीर्घ काळासाठी ठेवू शकते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. भिलाईचं मूल असेल तर काम दुर्ग जिल्ह्याच्या समितीकडे जातं. कुटुंबाची चौकशी, गृहभेट, अहवाल हे जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवायचं, समितीने दर महिन्याला घराची पाहणी करायची, आई-बापांना भेटू द्यायचं (मुलाच्या हिताआड येत नसेल तर), आणि राज्याने दर महिन्याला पैसे द्यायचे, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत ही रक्कम मुलामागे महिन्याला ४,००० रुपये आहे. त्याआधीच्या योजनेत ती २,००० होती.

कायदा वाचून माणूस निर्धास्त होतो. मुलाची अडचण कायद्याच्या पलीकडे सुरू होते.

आपल्याकडे फॉस्टर केअरवर कुठलंही भाषण यशोदेशिवाय होत नाही. मला त्याची थोडी चीड आहे, कारण भाषण नेहमी लोण्याच्या मडक्यापाशी थांबतं. गोष्ट पुढे आहे. अक्रूर रथ घेऊन येतो आणि मूल मथुरेला जातं, ज्यांनी जन्म दिला त्यांच्याकडे. फॉस्टर केअरचा खरा भाग तो रथ आहे. मूल परत जाणार आहे हे धरूनच त्याला वाढवायचं, आणि तरी हात आखडता घ्यायचा नाही. असं मूल घरात घेण्याची तयारी किती जणांची असेल? ज्यांना मूल हवं असतं, त्यांना ते कायमचं हवं असतं. ज्यांना कायमचं नको असतं, ते बहुधा मुळातच पुढे येत नाहीत.

मराठी समाजाने परक्या मुलासाठी दोन रस्ते फार लवकर बांधले. जोतीराव फुल्यांनी १८६३मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि पुढे एका विधवेचा मुलगा, यशवंत, स्वतः दत्तक घेतला. १८७५मध्ये पंढरपुरात, यात्रेच्या गावी टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठी बालकाश्रम सुरू झाला. न्यायखात्यात काम करणाऱ्या लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांनी तो उभा केला. एक रस्ता संस्थेचा, दुसरा दत्तकाचा. मधली पायवाट मात्र कुणी रुळवली नाही. तिच्या जवळ जाणारी एक रीत होती, वाराने जेवण्याची. गावाकडून शिकायला आलेला मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या रीतीने कित्येकांचं शिक्षण झालं. पण ती जातीच्या कुंपणातच फिरायची, आणि ज्याने वार लावून जेवण केलंय त्याला विचारलं तर तो पोट भरल्याचं आधी सांगत नाही, कुणाच्या घरी ताटात काय आणि किती पडायचं ते सांगतो. उपकाराचं अन्न मुलाच्या बरोबर लक्षात राहतं.

आता एक तुलना, जी या विषयावरच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त शिकवते.

जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन हे ब्रिटनमधलं जोडपं. त्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस आईपासून काही दिवसांसाठी दूर राहिलेल्या लहान मुलांचं चित्रीकरण केलं. त्यातली दोन मुलं, जॉन आणि जेन, दोघंही १७ महिन्यांची. दोघांच्याही आया दुसऱ्या बाळंतपणासाठी दवाखान्यात. जॉनला ९ दिवस एका निवासी पाळणाघरात ठेवलं. तिथल्या मुली वाईट नव्हत्या, हसऱ्या होत्या, पण पाळीवर यायच्या. जॉन एकीला धरतो, तिची पाळी संपते. दुसरीकडे जातो, तिच्या मांडीवर आणखी दोघं असतात. तो हळूहळू माणसं सोडतो आणि एका भल्यामोठ्या कापडी अस्वलाला कवटाळतो. खाणं कमी होतं, रडणं वाढतं, मग रडणंही मंदावतं. नवव्या दिवशी आई घ्यायला येते, तेव्हा तो किंचाळून अंग टाकतो आणि तिच्याकडे बघायलाही तयार होत नाही.

जेनला रॉबर्टसन दांपत्याने स्वतःच्या घरी १० दिवस सांभाळलं. मुख्य गोष्ट आधीच झाली होती. जेन त्या घरी पूर्वी येऊन-जाऊन होती. ती काय खाते, कशी झोपते हे विचारून ठेवलं होतं. तिच्या ओळखीच्या वस्तू सोबत आल्या. सांभाळणारी बाई सकाळ-संध्याकाळ तीच. जेन कुरकुरली, आईची आठवण काढली, पण मोडली नाही. परत जाताना उलट सांभाळणाऱ्या बाईला सोडायला जड गेलं.

दोन्ही मुलांना प्रेम मिळत होतं. फरक होता तो एकच माणूस रोज दिसण्यात आणि आधी झालेल्या ओळखीत. रोमानियातल्या प्रयोगाने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. चाउशेस्कूची राजवट १९८९मध्ये कोसळली तेव्हा तिथे लाखाच्या वर मुलं संस्थांमध्ये होती. नंतर नेल्सन, फॉक्स आणि झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांवर अभ्यास केला. अर्धी मुलं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून फॉस्टर घरांत पाठवली, अर्धी होती तिथे राहिली. साडेचार वर्षांच्या वयात घरात वाढलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी आठेक गुणांनी जास्त निघाला, आणि जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत घरात आली त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. पुढच्या निरीक्षणांत आणखी एक गोष्ट दिसली. एकाच घरात टिकलेली मुलं सावरली, घरं बदलत राहिलेल्यांचं तसं झालं नाही.

आपल्या कायद्याने मात्र लहानग्यांचा रस्ता दत्तकाकडे वळवला आहे. दत्तक देण्याजोगं मूल दीर्घकाळ फॉस्टर केअरमध्ये ठेवायचंच नाही, असा नियम आहे. त्यामुळे भारतात फॉस्टर घरी येणारं मूल बहुधा सहा वर्षांच्या पुढचं, दहा-बारा वर्षांचंही असतं. म्हणजे ज्याने आधीच एक घर आणि एक संस्था पाहिलेली आहे, ज्याला आईचा चेहरा आणि आवाज नीट आठवतो, असं मूल.

असं एक मूल वैशाली नगरमध्ये आणून बघू. घर मी रचलेलं आहे, त्यात कुणाला शोधू नका. कारखान्यातून निवृत्त झालेले काका, काकू, आणि बी.एस्सी. करणारा मुलगा. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवालीशी थोडी छत्तीसगढी. दुर्गच्या बालगृहातून ९ वर्षांची मुलगी येते. तिच्याकडे एक पिशवी आहे. अमेरिकेत अशा मुलांचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून पाठवलं जायचं, म्हणून तिथल्या संस्था आता त्यांना बॅगा वाटतात. आपल्या मुलीकडे कापडी पिशवी आहे. पिशवीत दोन फ्रॉक आणि एक वही. काकू पिशवी कपाटात ठेवायला हात पुढे करतात. मुलगी ती सोडत नाही.

पहिले पंधरा दिवस ती इतकी शहाणी वागते की काकू शेजारणीला सांगतात, देवाने लेकच पाठवली. ताट धुते, न विचारता बसत नाही. या दिवसांवर विश्वास ठेवू नये. पाहुणं मूल पाहुण्यासारखं वागतं. तिसऱ्या आठवड्यात उशीखाली पोळीचे तुकडे सापडतात. चहाचा कप फुटतो आणि ती म्हणते, मी नाही फोडला, तिच्या हातात कान उरलेला असतानाच. शाळेतून चिठ्ठी येते. एक दिवस ती दादाची वही फाडते. काकूंना वाटतं, एवढं करूनही हे फळ? खरं म्हणजे मुलगी पाहते आहे, की मी चांगली वागले नाही तर हे मला परत पाठवतात का. ती परीक्षा घेते आहे. या क्षणी जर कक्षाला फोन गेला आणि मुलगी परत गेली, तर पुढच्या घरात ती परीक्षा पहिल्याच दिवशी घेईल.

पोळीच्या तुकड्यांना चोरी म्हणायचं नाही, हे काकूंना कुणीतरी सांगायला हवं होतं. उपाशी राहिलेलं मूल साठवतं. रागावून ते थांबत नाही. स्वयंपाकघरात एक डबा तिच्या नावाचा करून दिला, त्यात मुरमुरे-फुटाणे नेहमी भरलेले राहिले, की काही आठवड्यांत उशी मोकळी होते.

भाताचंही तसंच. रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी मीठ, कांदा, मिरचीशी खायचा, याला इकडे ‘बासी’ म्हणतात. छत्तीसगढच्या शेतमजुराच्या घरातलं हे सकाळचं जेवण. मुलीने रात्री गुपचूप पातेल्यातल्या भातात पाणी ओतून ठेवलं, सकाळी काकूंनी ‘शिळं खायचं नसतं’ म्हणून ते मोरीत ओतलं. मुलगी रडली नाही, फक्त दिवसभर बोलली नाही. २०११मध्ये नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची मुलं तिथल्या बालकल्याण खात्याने फॉस्टर घरी नेली, तेव्हा आईने हाताने भरवणं आणि मुलांना शेजारी झोपवणं हेही आक्षेपांत होतं अशा बातम्या आल्या. आपण सगळे चिडलो, त्यावर २०२३मध्ये सिनेमाही निघाला. पातेलं मोरीत ओतताना आपणही तेच करतो, एवढंच आपल्याला दिसत नाही. मराठी घरात आलेल्या छत्तीसगढी मुलीचं जेवण, बोली, देव, तिचं भोजलीच्या सणाचं गाणं या गोष्टी तिच्या पिशवीतल्या आहेत. त्या काढून घ्यायला कुणाला अधिकार नाही.

आणि हाक काय मारायची? ‘आई’ म्हण, असा आग्रह बहुतेक घरांत पहिल्या आठवड्यात होतो. तो करू नये. तिला आई आहे, बरी असो वाईट असो. तिची हाक दुसऱ्या बाईला देणं म्हणजे आईला मोडीत काढणं, असं तिला वाटतं, आणि तिला वाटतं ते बरोबर आहे. इथे मराठी भाषा मदतीला येते. ‘काकू’ हा शब्द जवळचाही आहे आणि कुणाची जागाही घेत नाही.

छत्तीसगढकडे तर याहून सुंदर गोष्ट आहे. इथे ‘मितान’ बदतात. दोन माणसं एखाद्या खुणेच्या साक्षीने जन्मभराचे मित्र होतात. महाप्रसाद, गंगाजल, भोजली, गजामूंग अशी त्या नात्यांची नावं. ते नातं पुढे कुटुंबावर पसरतं, मितानाच्या आई-वडिलांना ‘फूल दाई’, ‘फूल ददा’ म्हणतात. रक्ताची नसलेली, पण लग्नकार्यात, सुतकात ज्यांचा मान ठरलेला आहे अशी माणसं. ‘फूल दाई’ म्हणजे आणखी एक आई. पहिली तिच्यामुळे रद्द होत नाही. फॉस्टर आईसाठी एवढा नेमका शब्द ना सरकारी हिंदीत आहे ना सरकारी मराठीत. तो इथल्या खेड्यांत आधीपासून आहे, फक्त नियमावली लिहिणाऱ्यांना तो सापडला नाही.

एका रात्री मुलगी विचारते, “कतका दिन बर?” किती दिवसांसाठी?

काकूंकडे उत्तर नाही. आदेशात कालावधी असतो, पण तो वाढू शकतो. आई बरी झाली तर मूल परत जाऊ शकतं, नातेवाईक पुढे आले तर तिकडे. काकू म्हणतात, “तू नेहमी इथेच राहणार.” हे प्रेमाने बोललेलं खोटं सगळ्यात महागात पडतं. त्यापेक्षा ‘मला माहीत नाही, समितीची पुढची तारीख अमुक आहे, तेव्हा आपण दोघी जाऊन विचारू’ हे उत्तर ९ वर्षांच्या मुलीला पेलतं. कॅलेंडरवर त्या तारखेला पेनने गोल करावा. निवृत्तीची तारीख ठाऊक असलेला माणूस क्वार्टरमध्येही आंबा लावतो.

आईची भेट हा सगळ्यात अवघड दिवस. आई येते, चिप्सचं पाकीट आणते, रडते, पुढच्या महिन्यात नेते म्हणते, आणि पुढच्या महिन्यात येतच नाही. भेटीच्या आदल्या रात्री मुलीला ताप, भेटीनंतर आठवडाभर घरात आदळआपट. फॉस्टर कुटुंब मग म्हणतं, या भेटी बंद करा, पोर बिघडते. हे समजण्यासारखं आहे, पण चूक आहे. जॉननेही आईकडे पाठ फिरवली होती. त्याला आई नको होती म्हणून नव्हे, तर ती गेली होती म्हणून. मुलीची आदळआपट त्याच जातीची.

घरातल्या पोटच्या मुलाचा विचार जवळजवळ कुणीच करत नाही. बी.एस्सी.वाल्या दादाला खोली वाटून घ्यावी लागली, वही फाटली, आई दुसऱ्याच कुणाच्या शाळेत जाते. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. बरीच घरं मोडतात ती इथून. आणि बाहेरून शेजार. “किती मिळतात हो महिन्याला?” हा प्रश्न काकूंना मंदिरात विचारला जातो. ४,००० रुपयांत ९ वर्षांच्या मुलीची फी, रिक्षा, कपडे, औषधं बसवून दाखवणाऱ्याने हा प्रश्न विचारावा. शिवाय ते पैसे अनुदानाच्या चालीने येतात, म्हणजे कधी वेळेवर, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम. शेजारच्यांनी मुलीचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘यांचं कौतुक’ म्हणून टाकणं हाही शेजाराचाच प्रकार. अशा मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाखाली गुन्हा आहे, हे टाकणाऱ्याला ठाऊकही नसतं.

आणखी एक छोटी गोष्ट, जी दर आठवड्याला टोचते. सही. शाळेच्या सहलीच्या अर्जावर, बँकेच्या खात्यावर, दवाखान्यातल्या संमतीपत्रावर पालक म्हणून कोण सही करणार? फॉस्टर कुटुंब सांभाळतं, पण कायदेशीर पालकत्व त्याच्याकडे आलेलं नसतं. समिती दुर्गला. आई कुठे ते माहीत नाही. मुलगी वर्गात अर्ज हातात घेऊन उभी असते.

सगळ्यांचं मूल म्हणजे कुणाचंच नाही, हे ब्रिटनने एका मृत्यूनंतर शिकून घेतलं. डेनिस ओनील, वय १२, वेल्समधल्या न्यूपोर्टचा. त्याला आणि भावाला श्रॉपशायरमधल्या एका शेतघरी ठेवलं होतं. जानेवारी १९४५मध्ये उपासमार आणि मारहाणीने तो मेला. मुलाची जबाबदारी न्यूपोर्टची, घर श्रॉपशायरचं, आणि पाहणी कुणाची यावर दोन्हीकडचे कागद फिरत राहिले. घर बघून आलेल्या कर्मचाऱ्याने मुलांना तिथून हलवा असं आधी कळवलंही होतं. चौकशी झाली, कर्टिस समितीचा अहवाल आला, १९४८चा बालकायदा झाला. अगाथा ख्रिस्तीने या घटनेचा धागा घेऊन नाटक लिहिलं, ‘द माउसट्रॅप’. लंडनमध्ये १९५२पासून लोक ते हौसेने बघत आले, त्यामागे एक खरं पोर होतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आपल्या कायद्यातली दर महिन्याची पाहणी हा त्याच धड्याचा भाग समजा. ती खरोखर दर महिन्याला झाली, आणि पाहणाऱ्याने काकूंच्या हातचा चहा पिण्याआधी मुलीशी एकटीशी दहा मिनिटं बोलून घेतलं, तरच तिला अर्थ. दिवाणखान्यात सगळ्यांसमोर ‘खुश हो ना बेटा?’ विचारणं म्हणजे पाहणी नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल, आमच्याकडे तर बालसंगोपन योजना आहे. आहे, आणि ती चांगली आहे. तिची रक्कम महिन्याला ४२५ रुपयांवरून १,१०० आणि २०२३मध्ये २,२५० रुपये झाली, योजनेला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. पण तिच्यातली बरीच मुलं विधवा आईकडे किंवा आजी-मामांकडे, म्हणजे आपल्याच घरी असतात. ती घर टिकवण्याची मदत आहे, मूल परक्या घरी ठेवण्याची नाही. दोन्हींची सरमिसळ झाली की आकडे फुगतात आणि खरी फॉस्टर घरं किती, हा प्रश्न मागे पडतो. माझं मत विचाराल तर आधी पैसा घर टिकवण्याच्या मदतीलाच जावा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८च्या अहवालात देशभर ९,५८९ बालसंस्था आणि त्यांत सुमारे ३ लाख ७० हजार मुलं नोंदली गेली होती, आणि त्यांतली पूर्ण अनाथ मुलं थोडी. बाकीच्यांचं कुणीतरी आहे. कोविडनंतर छत्तीसगढ सरकारने ‘महतारी दुलार’ योजनेतून पालक गमावलेल्या मुलांचं शिक्षण उचललं, त्यामागेही मूल आहे तिथेच राहू दे हाच विचार होता. आजीला वेळेवर चार पैसे मिळाले असते तर आपली ९ वर्षांची मुलगी वैशाली नगरला आलीच नसती, हेही शक्य आहे.

नियम आता सैल झालेत. २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही फॉस्टर पालक होता येईल असं केलं. एकट्या बाईला मुलगा-मुलगी दोन्ही, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. आणि फॉस्टर घरात दोन वर्षं राहिलेलं मूल त्या कुटुंबाला दत्तक घेता येईल. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. ज्या मुलाला परत जायला घरच उरलेलं नाही, त्याच्यासाठी हे वरदान. पण यातून दत्तकाच्या रांगेत कंटाळलेली जोडपी मागच्या दाराने येऊ लागली, तर आईच्या भेटी टाळण्यातच त्यांचं हित असेल. त्यावर नजर ठेवायला समितीकडे माणसं हवीत.

अठराव्या वर्षी सगळंच सुटतं. कायद्यात पुढच्या देखभालीची सोय २१पर्यंत आहे, ‘मिशन वात्सल्य’मध्ये गरज पडली तर २३पर्यंत. कागदपत्रांचं दुखणं मात्र त्या वयात सुरू होतं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वडिलांचं नाव. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे महाराष्ट्राच्या स्पर्धा परीक्षेत गुण असूनही कागदांपाशी अडल्या, तेव्हा त्यांनी तो प्रश्न सरकारपर्यंत नेला आणि एप्रिल २०१८मध्ये राज्याने अनाथांना एक टक्का आरक्षण दिलं. फॉस्टर घरात वाढलेलं, आई जिवंत असलेलं मूल ‘अनाथ’ या व्याख्येत बसत नाही. ते अनाथ नाही, दत्तक नाही, आणि ज्या घरात वाढलं त्या घराच्या रेशनकार्डावरही बहुधा नाही.

वैशाली नगरमधून कुणी हे वाचत असेल आणि घरात एक खोली रिकामी असेल, तर दुर्गच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. चौकशीला काही लागत नाही. पण जायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, पोटच्या मुलाला सगळ्यात आधी. तुम्हाला मूल कायमचं हवं असेल तर तसं पहिल्याच दिवशी सांगा, दत्तकाचा रस्ता वेगळा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि फॉस्टर पालकच व्हायचं असेल तर मूल येण्याआधी त्याला दोन-तीनदा भेटा, काय खातं ते विचारा, आणि समितीच्या पुढच्या तारखेचा कागद लेखी मागून घ्या. तो मुलाला दाखवायचा आहे.